चार बोटांवर थांबणारं कापड

जाफराबाद
३ मार्च २०२५

चि. कल्याण,

मामाचे आशीर्वाद. परवा तुझा फोन आला, तू तुझं बोलून मोकळा झालास, आणि मी "अरे पण" म्हणेपर्यंत ठेवूनही दिलास. मंग मी लावला तर उचलला न्हाईस. म्हणून कागद घेतला. कागदावर मामा बोलत असताना भाच्याला मधेच बटण दाबता येत न्हाई, एवढा तरी फायदा.

तुझं म्हणणं मला बराबर समजलंय. उद्याच्या एसटीनं पुण्याला जायचं, तुझ्या पोरीला, तृप्तीला समजावायचं, सामानासकट घेऊन यायचं. शेवटच्या सहा महिन्यांच्या फीसाठी बँकेला तुझी सही लागते, आणि ती तू करणार न्हाईस. महिनाअखेरपर्यंत फी गेली न्हाई तर तिला परीक्षेला बसता येणार न्हाई, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. कपड्याची डिग्री म्हणजे पैशाला लावलेली आग, असं तू म्हणालास. "कपड्यात पैसा असता तर मामा, मी सुरतेत एका खोलीत आठ जणांत झोपलो असतो का?" हे तुझं वाक्य मी प्रियदर्शनीला सांगितलं न्हाई. ती दुकानात माझ्या शेजारीच साडीला फॉल लावत बसली होती. पण बायकोला नवऱ्याचा फोन कोणता ते कळतं. तिची सुई तेवढा वेळ थांबली होती.

तुझं चूक आहे असं मी म्हणत न्हाई. अठरा वर्षं तू मागावर उभा आहेस. कापड मीटरवर किती कमावतं आणि कापडाजवळ उभा राहणारा माणूस किती कमावतो, हे तुझ्याइतकं आपल्या घरात कोणालाच ठाऊक न्हाई. मी स्वतः चौथी शिकलो, एक जुना कोट उसवून उसवून कटिंग शिकलो, चाळीस वर्षं मशीन चालवलं आणि एवढ्या वर्षांत काय, तर पत्र्याचं एक दुकान. तेव्हा तू म्हणतोस ते मी गळ्याशपथ तिला सांगेन.

प्रियदर्शनीनं शेंगदाण्याचे लाडू दिलेत पोरीसाठी. आणायला चाललोय तर लाडू कशाला न्यायचे, असं मी म्हणालो. ती म्हणाली, "मामा, येताना बसमधी खाईल." तोंड फिरवून म्हणाली.

तुझा मामा,
धर्मराज


पुणे, आपल्या गावच्या संपतच्या खोलीवरून
७ मार्च

चि. कल्याण,

मी खुशाल आहे. तृप्ती पण खुशाल आहे, जरा वाळलीय. तिला आणायचं म्हणशील तर ते पुढं लिहितो. आधी बाकीचं ऐक.

तिचं कॉलेज पाहून माझी मान दुखली, इतकं वर बघावं लागलं. एका हॉलमधी शिलाई मशीन अशा ओळीनं मांडल्यात की आपल्या मोंढ्यात पोत्यांची थप्पी असते तशा. एक मशीन नुसतं चित्र बघून कापड कापतं. माणूस लांब उभा, कात्रीला हात न्हाई, आणि गळ्याचा गोल असा निघतो की मी जन्मात काढला न्हाई. मी त्या मशीनला नमस्कार केला. पोरं हसली. हसू देत, माझ्या धंद्यातलं दैवत आहे ते. एका पोराची पँट गुडघ्यावर फाटलेली दिसली म्हणून "बाळा, ठिगळ लावून देऊ का?" असं विचारलं, तर तृप्तीनं माझा हात धरून पुढं ओढलं. म्हणाली, "आबा, ती फाटकीच महाग मिळते."

हे मी का लांबवून राह्यलोय ते तुझ्या लक्षात आलं असेल. एक गोष्ट झालीय.

परवा दुपारी तिनं मला तिच्या खोलीत बसवलं, म्हणजे त्यांच्या कामाच्या खोलीत, आणि लेक्चरला गेली. समोर लाकडी पुतळ्यावर तिचा कपडा घातलेला. लांब कोट म्हण, अंगरखा म्हण, पांढऱ्या सुताचा. दुपारनंतर बाहेरून परीक्षक येणार होते, त्यांना तोच दाखवायचा होता. मी जवळ जाऊन पाहतो तर काय, खालचा घेर उघडा! दोन्ही बाह्या उघड्या! सगळीकडून दशा निघालेल्या, दोन दोन बोटं. तुरपाईचा एक टाका न्हाई.

कल्याण, मला वाटलं, पोरीला वेळ पुरला न्हाई. किंवा फीच्या काळजीत तिचं कामात लक्ष राह्यलं न्हाई. आता परीक्षक येतील आणि अपुरा कपडा पाहून पोरीला नापास करतील. माझ्या सदऱ्याच्या कॉलरखाली सुई असतेच, तुला माहीत आहे. दोरा तिच्या टेबलावर होता. मी बसलो आणि दशा आत दुमडून सगळा घेर तुरपून टाकला, वर दोन्ही बाह्या. अशी तुरपाई की वरून टाका शोधून दाखवावा. मनात म्हटलं, मामानं आज पोरीची लाज राखली.

मंग ती आली. सोबत तिच्या मदीहा मॅडम होत्या. मॅडम आपल्याकडच्याच, अंबडच्या. दोघी दारातच थांबल्या.

"चाचा, हे काय करून ठेवलंत हो!" मॅडम म्हणाल्या.

मी म्हणालो, "अपुरं होतं, पुरं केलं."

तृप्ती कोटाजवळ गेली, घेरावरून बोट फिरवलं. मला वाटलं आता रडेल. पण ती एकदम हसायला लागली, आणि हसता हसता डोळे पुसले. "आबा," ती म्हणाली, "अहो, तुम्ही माझ्या तीन वर्षांचं तोंड शिवून टाकलंत."

मंग तिनं बाहीवरचे थोडे टाके उसवले, दशा बाहेर काढल्या आणि माझ्या हातात दिल्या. "ओढा."

"अगं, निघतील ना सगळे धागे."

"ओढा म्हणते ना."

मी एक आडवा धागा ओढला. निघाला. दुसरा ओढला. निघाला. चाळीस वर्षं मी दशांशी भांडत आलोय. कापड कापलं की ते सुटायला लागतं आणि त्याला धरून ठेवायचं, हाच आपला धंदा. माझ्या हाताला ते ओढवेना. पण ओढत गेलो. आणि मंग पुढचा धागा आला न्हाई. जोर लावला, तरी न्हाई. दातांत धरून ओढला, न्हाई. कापड तिथं थांबलं होतं. कोणी थांबवलं न्हाई, शिवलं न्हाई, डिंक न्हाई, गाठ न्हाई. आपलं आपण थांबलं होतं.

मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाह्यलं. जिथं थांबलं तिथं दोन दोन उभे धागे एकमेकांना पीळ घालून आडव्या धाग्याला मिठीत धरून बसलेत. चार बोटं साधं कापड, मंग एक ओळ पिळाची, मंग पुन्हा चार बोटं. उभंही तसंच. म्हणजे हे कापड कुठंही कापा, ते चार बोटांच्या आत आपलं आपण थांबतं. तुरपाईची गरजच न्हाई. विणतानाच त्या पोरीनं सांगून ठेवलंय त्याला, की इथवर सुट, पुढं न्हाई.

गड्या, मी तिथं असलेल्या स्टुलावर बसलो. बसावंच लागलं.

पण परीक्षक खालच्या मजल्यावर येऊन ठेपले होते, आणि माझी तुरपाई उसवता उसवेना. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्याच टाक्याचा राग आला. मॅडम, तृप्ती आणि मी, तिघं जमिनीवर बसून उसवत होतो. घेर झाला, एक बाही झाली. दुसरी बाही तशीच राह्यली आणि परीक्षक बाई आत आल्या.

तृप्तीनं काय करावं? लपवलं न्हाई. तीच बाही पुढं केली. म्हणाली, "ही माझ्या आबांनी शिवलीय. ते जाफराबादला शिंपीकाम करतात. त्यांना वाटलं कपडा अपुरा आहे. कोणालाही तसंच वाटेल. आता ही न शिवलेली बाही ओढून बघा." त्या बाईंनी ओढलं. दोनदा ओढलं. मंग त्या माझ्याकडं बघून हसल्या आणि मोबाईलवर दोन्ही बाह्यांचा फोटो काढला.

तिला आणायचं म्हणशील तर, मी अजून तिला ते बोललो न्हाई. उद्या बोलतो. लाडू संपले.

तुझा मामा


जाफराबाद
१२ मार्च

चि. कल्याण,

परत आलो. एकटाच आलो.

माझं पत्र पोचल्यावर तू प्रियदर्शनीला फोन केलास, आणि माझ्यासाठी निरोप ठेवलास, "मामाला म्हणावं तुम्हाला पोरगी आणायला पाठवलं होतं, तुरपाई करायला न्हाई." तिनं तो मला जसाच्या तसा सांगितला. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, तीही हसली. हस तूही. पण हसून झालं की पुढचं नीट वाच, कारण आता मी थट्टेनं लिहीत न्हाई.

मी तिला सगळं सांगितलं, तू सांगितलेलं आणि तुझ्याच शब्दांत. कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून सांगितलं. तिनं तुला एका शब्दानं चूक म्हटलं न्हाई. उलट म्हणाली, "पप्पा खरं बोलतात आबा. माझ्या आधीच्या बॅचच्या मुलींना अठरा हजार मिळतात, एखादीला बावीस. दोघी पंधरावर आहेत. एक तर घरी बसलीय." हप्ता किती बसेल म्हणून विचारलं. नऊ हजाराच्या आसपास, म्हणाली, दहा वर्षं. खोली, जेवण आणि बस जाऊन हातात काय राहील, ते तिनं मला सांगितलं न्हाई, मीही विचारलं न्हाई. तेवढा हिशोब दोघांनाही येत होता.

म्हणजे हिशोब बसत न्हाई, हे तुझं म्हणणं पक्कं. सुरुवातीची काही वर्षं पोरगी कर्जासाठीच उठेल आणि कर्जासाठीच झोपेल. मी तुला गोड बोलून फसवणार न्हाई.

पण कल्याण, तू एक बाजू तोललीस, दुसरी पारड्यात घातलीच न्हाईस. आज ती उठून आली तर कर्ज काय तिथंच राहील पुण्यात? साडेतीन वर्षांचं कर्ज तिच्यामागं एसटीत बसून जाफराबादला येईल. हप्ता आठ हजार. आणि इथं तिला काय मिळणार? माझ्या दुकानात पिको केला तर मी काय देणार, तुझ्या बायकोला काय देतो ते तुला ठाऊक आहे. डिग्री अर्धी, कर्ज पुरं. बाही न लावलेल्या सदऱ्याची शिलाई कोण देतं रे? आणि कापडाचे पैसे तर दुकानदारानं आधीच घेतलेले असतात. मी सही करतो म्हणून बँकेत जाऊन आलो. साहेबांनी माझं वय विचारलं आणि चहा पाजला. चहा चांगला होता.

आता खरी गोष्ट. मी तिला विचारलं, "पोरी, हे पीळ घालायचं तुला सुचलं कसं? पुस्तकातून?"

ती म्हणाली, "पप्पांकडून."

तू विसरला असशील. ती सातवीत असताना प्रियदर्शनी तिला घेऊन सुट्टीत सुरतेला आल्ती. एक दिवस तू तिला कारखान्यात नेलंस. आवाजानं ती घाबरली, तर तू तिला खांद्याला धरून मागाच्या कडेला उभं केलंस आणि कापडाचा काठ दाखवलास. ओरडून सांगितलंस, कारण त्या गोंगाटात दुसरं काय चालतं, की बघ, नव्या मागाला आडवा धागा इकडून तिकडं नेणारा धोटा न्हाई, म्हणून काठ आपोआप बंद होत न्हाई. मंग हे दोन धागे काठाला पीळ घालतात आणि सगळं कापड धरून ठेवतात. हे सुटले तर सगळं सुटलं. तू म्हणालास, "तुझा बाप दिवसभर हाच काठ सांभाळतो."

ती मला म्हणाली, "आबा, मी फक्त एवढंच केलं. पप्पांचा काठ उचलला आणि कापडाच्या मधी आणून ठेवला. चार बोटांवर एक, चार बोटांवर एक."

मी तेव्हापासून हे डोक्यातून काढू शकलो न्हाई. कपडे शिवताना माझा हात मधेच थांबतो. कोणा पोरीला बाप कडेला उभं करतो, अर्धा तास, कानठळ्या बसतील अशा गोंगाटात, आणि दहा वर्षांनी ती त्यातून असं काहीतरी घेऊन येते जे मी म्हातारा शिंपी जमिनीवर बसून बघत राहतो. तुझ्या पगारातून तू तिला काय देऊ शकला न्हाईस याचाच तू सारखा विचार करतोस. काय दिलंस ते तुला माहीतच न्हाई.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस. मी मामा आहे, मला पोरगी लाडकी आहे, माझं वजन काट्यावर धरू नये. या पाकिटात त्या कापडाचा एक तुकडा आहे. हातरुमालाएवढा. चारी बाजूंनी नुसता कापलाय, शिवलेला न्हाई. मागावर तू उभा राहतोस, मी न्हाई. तूच ओढ. चारी बाजूंनी ओढ. पकडीनं ओढ. पिळाच्या पुढं एक धागा जरी सुटला तर सही करू नकोस, मी पुन्हा पुण्याला जाऊन तिला घेऊन येतो, आणि पुन्हा तुला कधी काही लिहिणार न्हाई.

सोबत बँकेचा कागद आहे. जिथं सही पाहिजे तिथं पेन्सिलीनं फुली केलीय.

अजून एक. तुकडा देताना तृप्ती म्हणाली, "आबा, यात एका ठिकाणी उभा धागा तुटला होता. मी सांधला न्हाई, तसाच ठेवला. कॉलेजात कोणालाच दिसला न्हाई." कुठं आहे, मी विचारलं. तिनं दाखवला तरी मला दिसला न्हाई. ती म्हणाली, "पप्पांना दिसेल. त्यांना पहिलं तेच दिसेल."

तुझा मामा


जाफराबाद
२८ मार्च

कल्याणा,

काल पोस्टमन आला तेव्हा मी एका नवरदेवाच्या शेरवानीला काज करत होतो. पाकीट हातात घेतलं, पण उघडलं न्हाई. प्रियदर्शनीकडं दिलं. तिनंही उघडलं न्हाई. दोघंही त्या पाकिटाकडं बघत बसलो, बिलकुल वेड्यासारखं. शेवटी ती म्हणाली, "मामा, कात्री तुमच्याकडं आहे."

आत तुझं पत्र न्हाई. दोन ओळी न्हाईत. मला वाटलंच होतं. बँकेचा कागद होता, आणि माझ्या पेन्सिलीच्या फुलीवर तुझी सही. नेहमीसारखी, 'कल्याण'मधला 'ल्या' गिचमिड.

आणि तुकडा.

चारी बाजूंनी ओढलास तू. आणि ओढलास म्हणजे कसा, अरे! मी तर भीत भीत एकाच बाहीचे थोडे धागे काढले होते. तू पिळापर्यंत एक एक धागा काढून घेतलास, चारी कडांनी, आणि दशा अशा विंचरून ठेवल्यास की एक मागं न्हाई, एक पुढं न्हाई. एका कोपऱ्यावर पकडीचे दात उमटलेत. तिथंही कापड थांबलंय. ते काम एका बैठकीचं न्हाई, मला कळतं. पाळी संपवून, खोलीत सात जण झोपलेले असताना की जागे असताना, कुठं बसून तू ते करत होतास? पहिल्याच कडेला कळलं असेल तुला. मंग बाकीच्या तीन कशासाठी ओढल्यास? मी विचारत न्हाई. मला दिसतंय.

तुकड्याच्या मधोमध, जरा डावीकडं, निळ्या पेनानं एक छोटा गोल केलाय. मी चष्मा लावला, उजेडाला धरला, आणि तेव्हा कुठं दिसलं. तुटलेला उभा धागा.

प्रियदर्शनीनं तो तुकडा घेतला आणि पदरानं तोंड झाकलं. मी काज करायला लागलो. दोन काजं वाकडी झाली. नवरदेव काय बघणार न्हाई.

आज सकाळी बँकेत कागद दिला. साहेबांनी शिक्का मारला. फी वेळेत जातेय. तिथूनच तृप्तीला फोन लावला. मी म्हणालो, "पोरी, पाकीट आलं." ती सहीचं विचारेल असं वाटलं होतं. तिनं विचारलं, "गोल केलाय?"

मी म्हणालो, "केलाय."

मंग पलीकडून नुसता मागाचा खडखडाट ऐकू येत होता, त्यांच्या कॉलेजातल्या लाकडी मागाचा. मी फोन ठेवला न्हाई. धरून उभा राह्यलो बँकेच्या दारात. लोक जात होते, येत होते, कोणी धक्का दिला, मी हललो न्हाई.

कल्याण, मी इतकी वर्षं कापडाला हात लावतोय आणि मला वाटायचं मला कापड कळतं. तुझ्या पोरीनं माझा हा गैरसमज एका दुपारी काढून टाकला, आणि तू एका गोलानं. आता या वयात मी पुन्हा शिकाऊ झालोय, आणि खरं सांगतो, फार बरं वाटतंय.

कर्ज आहेच. ते सहीनं वाढलंच, कमी झालं न्हाई. तुझी काळजी खोटी न्हाई आणि मी तिला खोटी म्हणणार न्हाई. हप्ता सुरू होईल तेव्हा तू, मी, ती आणि प्रियदर्शनी मिळून दाताखाली ओठ धरू. ते तेव्हाचं तेव्हा.

रविवारी तृप्ती तुला फोन करणारे. या वेळी उचल. पैशाचं काही बोलणार न्हाई ती. तिनं मला सांगून ठेवलंय, तिला फक्त एवढंच विचारायचंय, की माग चालू असताना उभा धागा तुटला तर तो कसा सांधायचा.

तिला येतं ते. मी माझ्या डोळ्यांनी पाह्यलंय तिला सांधताना.

तरी तू सांग.

तुझा मामा,
धर्मराज